आप्पांच्या खिशातला आकडा

आप्पांना बोलणं सुरू करता येत नसे. मागच्या वेळी जिथे तुटलं असेल तिथूनच ते पुढे बोलायला लागत. मी त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा आमचं जेमतेम पाच मिनिटं बोलणं झालं असेल. खोली माडीवर आहे, जिना बाहेरून आहे, पाणी सकाळीच भरून ठेवावं लागतं, एवढं सांगून झालं आणि "अन् मटनचं म्हनशात तर..." असं म्हणेपर्यंत त्यांना शेताकडून कोणाची तरी हाक आली. ते तसेच निघून गेले. आठ दिवसांनी मी ट्रंक आणि गादी घेऊन दारात उभा राहिलो. आप्पा ओट्यावर बसले होते. या नाही, बसा नाही, प्रवास कसा झाला नाही. माझ्याकडे बघून ते म्हणाले, "ते आठे चालस नही. भाहेर खाईसन येवानं." मी गादी डोक्यावर घेऊन क्षणभर तसाच उभा राहिलो, काय चालत नाही ते आठवत.

मी तेव्हा वीज कंपनीच्या सबस्टेशनवर ऑपरेटर होतो. आधी तळोद्याला होतो, तिथून बदली होऊन या तापीकाठच्या गावात आलो. शहाद्याहून एसटीने अर्ध्या तासावरचं गाव. केळी, पपई, ऊस, बक्कळ पिकणारा मुलूख. ऑपरेटरचं काम म्हणजे शेतीची लाइट सोडायची, बंद करायची आणि दिवसभर फोनवर बोलणी खायची. लाइट कधी येणार, का गेली, त्यांच्या गावाला आहे मग आम्हाला का नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा अभिनंदनाचा पहिला फोन ज्या शेतकऱ्याने केला त्यानेही शेवटी थ्री फेज कधी सोडणार तेच विचारलं. आप्पांना मात्र लाइट कधी येणार याच्याशी घेणंदेणं नव्हतं. आली किती वाजता आणि गेली किती वाजता, एवढंच त्यांना लागायचं.

त्याचं कारण सांगतो. आप्पा आणि त्यांचे भाऊबंद मिळून सहा जणांनी फार पूर्वी नदीवरून शेतापर्यंत एक पाइपलाइन आणली होती. काठावर एक मोटार, एक पाइप आणि प्रत्येकाच्या शेताच्या बांधावर पाणी सोडायचा-बंद करायचा एक वाल, म्हणजे व्हॉल्व्ह. पाणी एका वेळी एकालाच. ज्याची जमीन जेवढी तेवढे त्याचे तास, ते तास संपले की पुढच्याची बारी. कागदावर ही व्यवस्था सोपी वाटते. पण शेतीची लाइट काही सलग राहत नाही. दोन तास चालते, जाते, दुपारी लोड वाढला की पुन्हा जाते. मग एकाची बारी तुकड्या-तुकड्याने दोन-तीन दिवस चालायची आणि किती तास झाले, किती राहिले, यावरून आजूबाजूच्या पाइपलाइनींवर डोकी फुटायची. आप्पांच्या पाइपलाइनवर कधी आवाज चढलेला नव्हता. तिथे बारी आप्पा सांभाळत आणि आप्पांच्या खिशात मशीन होतं.

मशीन म्हणजे कॅल्क्युलेटर. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर असतो तसला, तळहातापेक्षा मोठा, सेलवर चालणारा आणि आपोआप बंद होण्याची अक्कल नसलेला. त्यासाठी आप्पांनी प्रत्येक शर्टाला आतून वेगळा खिसा शिवून घेतला होता, त्यामुळे ते डाव्या बाजूने नेहमी भरल्यासारखे दिसायचे. पाणी दोन तास चाललं आणि लाइट गेली, की ते दोन दाबून ठेवत. लाइट परत येऊन दीड तास चालली, की अधिक दीड बरोबर, पडद्यावर साडेतीन. मशीन खिशात. दुसऱ्या दिवशी अधिक दोन बरोबर, साडेपाच. असं करत ज्याचे जेवढे तास ठरलेले तेवढा आकडा आला, की वाल बंद. मग ते ठरलेले तास वजा करायचे, पडद्यावर शून्य उमटायचं आणि पुढच्या माणसाला हाक जायची. बेरीज करताना आप्पा पडद्याकडे बघतही नसत. नजर पाण्यावर आणि अंगठा बटणांवर. वाटेत कोणी भेटून किती राहिलं म्हणून विचारलं, तर ते मशीन काढून दाखवत. डोक्यातून काही सांगत नसत.

डोक्यात आकडा ठेवायचाच नाही, हा त्यांचा नियम होता. डोकं आपल्याच बाजूने मोजतं, असं त्यांचं म्हणणं. मशीनला ना शेत ना भाऊबंद, म्हणून आकडा मशीनमध्ये. त्या मशीनवर पुसायचं जे बटण असतं ते त्यांनी अडकित्त्याच्या टोकाने उचकटून काढलं होतं. तिथे एक चौकोनी भोक होतं आणि त्यात नेहमी माती. मी त्यांना एकदा विचारलं, चुकून काही दाबलं गेलं तर? मग ते वजा करायचं, ते म्हणाले. मी म्हटलं, पुसलं की काम सोपं नाही का होत? त्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते ते सगळ्यांनाच सांगत: "शून्य पुसीसन येस नही. वजा करीसन येस." याच्यात फार मोठं तत्त्वज्ञान आहे असं गावातल्या शाळेच्या हेडमास्तरांना वाटायचं. मला तर तो शुद्ध हट्ट वाटायचा. पण हट्टामुळे भांडणं होत नव्हती, हेही खरं होतं.

लिहून का ठेवत नाही, हाही प्रश्न मी विचारून पाहिला. कागद झाला की त्याच्यावर दोघं बोटं ठेवतात आणि तिसरा तो फाडतो, असं त्यांचं मत. त्यांच्या घरात भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नीट वाचता येत नसे. जुनं काढायचं नाही, नवं त्याच्यावर टांगायचं, असं करत खिळ्यावर इतकी जाड चवड झाली होती की वरचं कॅलेंडर भिंतीपासून सुटून पंख्याच्या वाऱ्याने फडफडत राहायचं.

त्यांचं भांडणही याच जातीचं. तळोद्याला त्यांचे एक साडू होते. कुठल्याशा बैलजोडीवरून दोघांचं शहाद्याच्या एसटी स्टँडवर जुंपलं. ऐन रंगात आलं असताना साडूंची गाडी लागली आणि ते चढून गेले. त्यानंतर काही ना काही कारणाने दोघांची गाठ पडली नाही. मग एका लग्नात, मुलीचा मामा मुलीला घेऊन मांडवात येत असताना, आप्पांना समोरच्या खुर्चीत साडू दिसले. आप्पा उठून त्यांच्यापाशी गेले आणि म्हणाले, की आणि दुसरं म्हणजे, डाव्या बैलाच्या खुराचं तुम्ही मला आधी सांगितलंच नव्हतं. बैल तोवर केव्हाच मेले होते. साडूंना बिचाऱ्यांना आधी कोणते बैल तेच कळेना. काकी, म्हणजे आप्पांची बायको, ही गोष्ट सांगताना पदर तोंडाला लावून हसायच्या आणि मग लगेच गंभीर होऊन म्हणायच्या, की हसताय काय, माझं लग्नातल्या मानपानावरून सुरू झालेलं भांडण अजून चालू आहे.

बारीच्या बाबतीत त्यांना नातं कळत नसे. स्वतःच्या मुलीच्या लग्नात, हळद उतरली आणि लग्न लागायला थोडा अवकाश होता, तेवढ्यात नव्या कपड्यानिशी ते शेतात जाऊन वाल फिरवून आले, कारण त्या वेळी एका भाऊबंदाचे तास संपत होते. तो भाऊबंद मांडवातच पंगत वाढत होता आणि त्याला स्वतःला आठवणही नव्हती. लग्नाच्या फोटोत आप्पांच्या पांढऱ्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल आहे. मुलगी सुरतेला असते. ती माहेरी आली, की तो फोटो दाखवून त्यांना बोलायची आणि आप्पा तो फोटो कौतुकाने बघायचे.

सहा भागीदारांत एक कल्पना होती. आप्पांच्या चुलतभावाची सून. नवरा सुरतेच्या कापड गिरणीत, महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. सासरे गेल्यापासून शेत तीच बघत होती. आप्पांच्या शेताच्या खालच्या अंगाला तिचं शेत, म्हणून आप्पांची बारी संपली की तिची लागायची. कमी बोलणारी, डोक्यावरचा पदर न ढळू देता ट्रॅक्टरवाल्याला बरोबर ओळीत नांगरायला लावणारी बाई. त्या वर्षी तिने पहिल्यांदाच कपाशी सोडून सगळ्या शेतात पपई लावली होती. रोपं आणली होती ती तिच्या हिमतीवर, सासूच्या आणि नवऱ्याच्या मनाविरुद्ध. नवरा फोनवर म्हणाला होता म्हणे, की हे जमलं नाही तर शेत बटाईने देऊन टाकायचं आणि तू मुलांना घेऊन सुरतेला यायचं. एका खोलीत. हे तिने काकींना सांगितलं होतं आणि काकींनी मला. पपईचं रोप लहान असताना फार नाजूक असतं. आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात त्याला वेळेवर पाणी मिळालं नाही, तर ते एका दुपारीत मान टाकतं.

त्याच एप्रिलमध्ये आप्पांचं मशीन पाण्यात पडलं. पाइपचं पाणी शेतात पडतं तिथे सिमेंटची छोटी कुंडी असते. ते गाळ काढायला वाकले आणि आतल्या खिशातून मशीन सरळ कुंडीत गेलं. आप्पांनी ते फडक्याने पुसलं आणि गच्चीवर काकींच्या कुरडयांशेजारी वाळत घातलं. चार दिवस रोज वर जाऊन ते उलटंपालटं करत होते. चालू झालं, पण कोणताही आकडा दाबला तरी अर्धाच उमटायचा, आठ आहे की तीन ते कळायचं नाही. शहाद्याला दुकानदाराने हात वर केले आणि नवं दाखवलं. ते दहा मिनिटांत आपोआप बंद व्हायचं, म्हणून आप्पांनी घेतलं नाही.

मुलीला कळलं तेव्हा तिने जावयाचा जुना मोबाइल पाठवून दिला. त्यात कुठलंसं कॅल्क्युलेटरचं ॲप घालून दिलं, मोठ्या आकड्यांचं, कारण वडिलांना बारीक दिसत नाही. आप्पांना ते पसंत पडलं. बटणं दाबली की टकटक आवाज यायचा आणि फोन बंद करून चालू केला तरी आकडा जागेवर असायचा. पुसायचं बटण याच्यातून काढता येत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. त्यावर त्यांनी बाहेरून चिकटपट्टीचा तुकडा लावला. मशीन आतल्या खिशात असायचं तिथे आता फोन आला आणि सगळं पूर्ववत झालं, असं सगळ्यांना वाटलं.

फोनवरची पहिलीच बारी आप्पांची स्वतःची होती. त्यांचे बारा तास. एरवी दोन, फार तर तीन दिवसांत आटपायचे. त्या आठवड्यात ऊन भयंकर होतं, फीडर दिवसातून चार-चार वेळा ट्रिप होऊन लाइट जात होती. मी एकीकडे फोन घेत होतो आणि एकीकडे लाइट सोडत होतो. घरी आलो, की आप्पा जिन्याशी उभे असायचे, किती वाजता आली, किती वाजता गेली ते विचारायला. मी सांगायचो, ते तिथेच अंगठ्याने टकटक करून फोन खिशात टाकायचे. हे चांगले पाच दिवस चाललं.

पाचव्या दिवशी मला सुट्टी होती. सकाळी मी नदीकडे फिरायला गेलो. आप्पांच्या केळीत पाणी चालू होतं. चालू होतं म्हणजे सऱ्या भरून बांधाच्या बाहेर, बाजूच्या नाल्याकडे वाट काढत होतं. केळीला काही एवढ्या पाण्याची तहान नव्हती. मी लाइट सोडणारा माणूस, पाच दिवसांत किती तास सोडली याचा अंदाज मला असणारच. मनातल्या मनात बेरीज केली, तर ती बाराच्या बरीच पुढे गेली. आप्पा बांधावर बसले होते. मी त्यांना विचारलं, तुमची बारी अजून चालूच आहे? त्यांनी उपरण्याची सावली करून फोनचा पडदा मला दाखवला. त्यावर दीड होते. आत्ता तर कुठे सुरुवात आहे, लाइटच कुठे राहते तुमची, असं ते मलाच ऐकवायला लागले.

मी फोन मागून घेतला. दोन अधिक दोन बरोबर, चार आले. मग अधिक तीन दाबून बरोबर केलं. सात यायला हवेत. पडद्यावर तीन आले. पुन्हा करून बघितलं, पुन्हा तीन. बरोबरचं बटण दाबलं की त्या ॲपच्या दृष्टीने विषय संपत होता. पुढे अधिक म्हटलं की ते नव्याने शून्यापासून धरत होतं. आप्पांनी पाच दिवसांत जेवढ्या वेळा तास घातले, तेवढ्या वेळा आधीचे तास गेले होते आणि पडद्यावर फक्त शेवटचा तुकडा उरत होता. तो बारा होणं कधीच शक्य नव्हतं. ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. दुसऱ्या कोणालाही पहिल्याच दिवशी संध्याकाळी काहीतरी बिनसलंय हे डोक्याने सांगितलं असतं. आप्पांनी डोक्याला त्या कामातून केव्हाच काढून टाकलं होतं.

मी त्यांच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, तुम्हीच करा. त्यांनी केलं. दोन, दोन, चार. अधिक तीन. पडद्यावर तीनच आले.

"मांगलं कथा गयं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मागचं ते ॲप ठेवतच नाही. आप्पा उठले. आधी स्वतःचा वाल बंद केला, मग कल्पनाचा उघडला आणि पाइपच्या कडेकडेने खाली तिच्या शेतात गेले. मी मागोमाग.

कल्पना शेतातच होती. डोक्यावर हंडा घेऊन ती कुठून तरी पाणी आणत होती आणि एका-एका रोपाला तांब्याने घालत होती. तिची पोरगी एका ओळीच्या टोकाला सुकलेल्या फांद्यांची सावली करत होती. वरच्या अर्ध्या शेतातली रोपं उभी होती. खालच्या अर्ध्यातली गेली होती. देठ वाकून पानं जमिनीला टेकली होती आणि हात लावला की चुरा होत होता. मला ते बघवेना. वरच्या शेतातलं पाणी नाल्यात वाहून चाललं होतं आणि इथे ही तांब्याने घालत होती, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त एक बांध होता. मला आप्पांचा राग आला, आणि त्यांच्याकडे बघितलं तर रागही धरता येईना. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तुनी माले हाक काबर नही मारी?" आप्पा म्हणाले.

कल्पनाने हंडा खाली ठेवला. "तुम्हनं मशीन कधी चुकस नही, आप्पा," ती म्हणाली. "मी बी तास मोजेल व्हतात. माले वाटनं, मन्हंच मोजानं चुकनं व्हई."

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती बोलून मोकळी झाली आणि वालातून आलेलं पाणी पहिल्या सरीत शिरत होतं तिकडे फावडं घेऊन पळाली. आप्पा तिथेच उभे राहिले. तिने मोजलं होतं, बरोबर मोजलं होतं, आणि तरी डोळ्यांसमोर रोपं मरत असताना स्वतःवरच संशय घेतला होता, कारण समोर आप्पा होते. तिने शिव्या घातल्या असत्या तर आप्पांनी त्या सहज झेलल्या असत्या. याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

संध्याकाळी मोटारीच्या खोलीपाशी सहाही भागीदार जमले. आप्पांनी बोलावलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं, काही न वगळता. भाऊबंदांनी ते फार मनावर घेतलं नाही. ॲपचा दोष आहे, दुसरं टाका म्हणाले. एकाने तर हसून म्हटलं, की एवढी वर्षं कधी तुमच्या शेतात जास्त पाणी गेलं नाही, एकदा गेलं म्हणून काय झालं. आप्पांनी मोटारीच्या खोलीची किल्ली काढून कल्पनासमोर ठेवली आणि यापुढे बारी तू सांभाळ म्हणाले. बाकीचे चपापले. वयाने सगळ्यांत लहान, त्यात बाईमाणूस, हे कोणी तोंडाने बोललं नाही, पण प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता. कल्पना नको म्हणेल अशी सगळ्यांची खात्री होती. तिने किल्ली उचलली.

तिची पद्धत वेगळी होती. तिने मशीनही ठेवलं नाही आणि वहीही. ज्याची बारी चालू असेल त्याने आणि ज्याची पुढे लागणार असेल त्याने, दोघांनी संध्याकाळी मोटारीच्या खोलीपाशी यायचं. चालू असणाऱ्याने आज आपले किती तास झाले आणि कालचे धरून किती झाले, ते तोंडाने सांगायचं. पुढच्याने ते कबूल करायचं किंवा नाही म्हणायचं. दोघांचं जुळल्याशिवाय दुसऱ्या दिवशी मोटार चालू व्हायची नाही. पहिले काही दिवस भाऊबंदांनी कुरकुर केली. ज्याला त्याला आपापले तास लक्षात ठेवायची सवयच राहिली नव्हती.

सगळ्यांत जास्त हाल आप्पांचे झाले. सत्तरीच्या माणसाने आकडे डोक्यात धरायला नव्याने शिकायचं. शेतातून घरी येताना ते कोणाशी बोलत नसत, भरलेला तांब्या सांडू नये तसे आकडा सांभाळत येत. वाटेत कोणी राम राम केला तर चिडायचे. माझ्या जिन्याशी येऊन त्यांनी एकदा सवयीने विचारलंच, आज किती चालली? आणि मी सांगायच्या आत हाताने थांबवलं. नको सांगू, म्हणाले, आणि ओट्यावर जाऊन बोटांच्या पेरांवर मोजत बसले. काकी आतून म्हणाल्या, पोथी वाचायच्या वयात हे उजळणी करतायत.

मेलेल्या रोपांच्या जागी आप्पांनी नवी रोपं आणली. टेम्पोतून स्वतः उतरवली, आणि काकी आणि ते दोघं खाली बसून लावत गेले. कल्पनाने नको म्हटलं नाही आणि आभारही मानले नाहीत. तीही ओळीत बसून लावू लागली. त्या वर्षभर तिचं शेत दोन उंचीचं दिसायचं. वरची पपई डोक्याएवढी झाली, तेव्हा खालची कमरेला होती. शेतावरून जाणाऱ्या एसटीतली माणसंही विचारायची, की हे असं का. आप्पा रोज त्याच बांधावरून जायचे.

पाऊस लांबला होता, त्या दिवसांतली गोष्ट. आप्पांची बारी पुन्हा आली होती आणि त्यांच्यानंतर कल्पनाची होती. मी ड्यूटी संपवून येताना मोटारीच्या खोलीपाशी थांबलो होतो. दोघं समोरासमोर बसली होती. ऊन अजून होतं आणि लाइट चालू होती. त्या दिवशी मी किती सोडली ते मला माहीत होतं, पण मला कोणी विचारणार नव्हतं. आप्पांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाले, की माझे बारा झाले, संपली बारी. एवढं बोलून ते उठायलाही लागले.

कल्पना म्हणाली, "साडेअकरा व्हयनात. अर्धा तास तुम्हना बाकी शे."

आप्पा परत खाली बसले. आपल्याच विरुद्ध अर्धा तास त्यांनी जास्त धरला होता. भीतीपोटी धरला होता, की मुद्दाम, मला सांगता येणार नाही. त्यांनाही सांगता आलं असतं की नाही, शंका आहे. त्यांनी जमिनीकडे बघत म्हटलं, "ऱ्हाऊ दे. तुन्हा वावरले जाऊ दे."

"नही," कल्पना म्हणाली. "तुम्हनं तुम्ही ल्या. मन्हं मी लेसू."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. मग ते उठले आणि आपल्या केळीत जाऊन पाण्याच्या तोंडाशी उभे राहिले. अर्धा तास ते तिथून हलले नाहीत. वेळ झाली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने वाल बंद केला आणि बांधावरून कल्पनाला हाक मारून सांगितलं, आता तुझं चालू कर.